अक्षरांना रंग देताना



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितले की, कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटवणारे जे प्रोग्राम असतात, त्यांत रंग कसा वापरावा यावर आम्ही बोलू. ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. वसंत ऋतू, रंगपंचमी नुकतीच होऊन गेलेली, आणि रंगावर बोलावयाचे तर ते काळ्या पडद्यावरच्या रंगावर! परंतु विषय दिसतो तितका परका नाही, आणि त्यात एका माणसाच्या अब्रूचा प्रश्न कसा गुंतला होता, हेही आम्ही आज सांगणार आहोत.

आपल्यापैकी बहुतेकांनी कॉम्प्युटर पाहिला आहे तो चित्रांचा, खिडक्यांचा आणि बोटाने दाबावयाच्या बटनांचा. त्याच्या मागे एक जुना, साधा पडदा अजून जिवंत आहे. त्याला टर्मिनल म्हणतात. त्यावर चित्र नाही, बटन नाही. माणसाने एक ओळ लिहावयाची आणि यंत्राने ओळीनेच उत्तर द्यावयाचे, असा तो व्यवहार. आपण फोनवरून पैसे पाठवतो, तिकिटे काढतो, पत्रे धाडतो, त्या सेवा ज्या यंत्रांवर चालतात त्यांची देखभाल करणारी माणसे आजही मोठ्या प्रमाणावर याच पडद्यासमोर बसून काम करतात. तेव्हा या पडद्यावर काय लाल दिसते आणि काय हिरवे, याच्याशी आपला सर्वांचा दूरान्वयाने का होईना, संबंध आहे.

लिहिलेल्या अक्षरांत रंग मिसळण्याची युक्ती यंत्राने काढलेली नाही. आपल्या जुन्या हस्तलिखित पोथ्या आठवा. मजकूर काळ्या शाईचा, आणि श्लोक संपल्याचा दंड पुष्कळदा लाल शाईने काढलेला, किंवा त्यावर गेरू चोळलेला. अक्षर चुकले तर लेखक त्यावर हरताळ नावाचे पिवळे द्रव्य फाशी. 'एखाद्याच्या बेतावर हरताळ फासणे' असे आपण आजही म्हणतो, तो हाच हरताळ. बाजार बंद ठेवण्याच्या हरताळाचा त्याच्याशी संबंध नाही.

या दोन रंगांत एक बारीक भेद आहे, आणि आमचे सारे व्याख्यान त्या भेदावरच उभे आहे. पोथीतला लाल दंड हा आधी दंड आहे, आणि मग लाल आहे. त्याचा रंग उडाला, तरी ओळ कोठे संपली ते वाचणाऱ्याला कळतेच. हरताळाचे तसे नाही. तेथे 'हे अक्षर नाही असे समजा' हा सारा अर्थ त्या पिवळ्या थरातच साठवलेला आहे. थर झिजला, की खोडलेले अक्षर पुन्हा खरे होऊन बसले. पहिला रंग अर्थाला मदत करतो, दुसरा रंग स्वतःच अर्थ होऊन बसतो.

आता पडद्याकडे वळू. आरंभी पडदाही नव्हता. टेलिप्रिंटरसारखे यंत्र कागदावर टकटक करीत अक्षरे उमटवी, आणि ज्याला तारेने जोडले असेल त्या कॉम्प्युटरचे उत्तर कागदावरच येई. पुढे कागदाच्या जागी काच आली. १९७८ साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी १०० नावाचे टर्मिनल काढले, ते इतके गाजले की आजचे टर्मिनल-प्रोग्रामही बव्हंशी त्याचीच नक्कल करतात. त्याच्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे. रंग मात्र त्याच्याजवळ नव्हता. एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधावयाचे तर तो अधोरेखित करावयाचा, किंवा त्याची पार्श्वभूमी व अक्षर यांची अदलाबदल करावयाची.

मग रंग सांगावयाचा कसा? यंत्राकडे येणारी तार एकच. अक्षरे त्याच तारेतून येणार आणि हुकूमही त्याच तारेतून. यावर तोड अशी निघाली : हुकुमाच्या आधी एक विशेष खूण पाठवावयाची. ती छापली जात नाही. तिचा क्रमांक २७, आणि नाव एस्केप. ही खूण आली की टर्मिनलने समजावयाचे, पुढे येते ते अक्षर नव्हे, आज्ञा आहे. या आज्ञांची नियमावली युरोपातील एक्मा या संस्थेने १९७६ साली प्रथम प्रसिद्ध केली, आणि १९७९ साली अमेरिकेच्या प्रमाण-संस्थेनेही तशीच नियमावली स्वीकारली. तिच्यात रंगांना क्रमांक आहेत. एस्केप, चौकोनी कंस, ३१ आणि एम हे अक्षर : येथून पुढे लाल. त्याच रीतीने ३२ म्हटले तर हिरवे, आणि शून्य म्हटले की सर्व पूर्ववत्. हे शून्य पाठवावयास प्रोग्राम विसरला, तर पुढचा सारा पडदा लालच राहतो. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलेल्या माणसाच्या कानामागे जसा रंग राहतो, तसाच हा प्रकार.

मूळचे रंग आठ. आठच का? प्रकाशाचे मूळ रंग तीन : लाल, हिरवा, निळा. प्रत्येक दिवा एक तर लागलेला किंवा विझलेला. दोन गुणिले दोन गुणिले दोन, झाले आठ. तिन्ही विझले की काळा, तिन्ही लागले की पांढरा. लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो. चित्रकाराच्या तबकडीत लाल-हिरवा मिसळला तर चिखल होईल, परंतु येथे रंगद्रव्य नसून प्रकाश आहे. पुढे आठाचे सोळा झाले. त्यानंतर एक्सटर्म या प्रोग्रामाने २५६ रंगांची वही रूढ केली. तीत मूळचे १६, सहा पायऱ्यांच्या मिश्रणाचे २१६ आणि करड्याच्या २४ छटा आहेत. आजच्या पुष्कळ टर्मिनलांना १,६७,७७,२१६ रंग कळतात. आठ रंगांतून इतक्या रंगांवर आल्यावर माणसाची दृष्टी सुधारली असेल, असे कोणास वाटेल. तसे मात्र झाले नाही, आणि का झाले नाही हेच पाहावयाचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, मूळच्या या रंगांपैकी एखादा मागणारा प्रोग्राम फक्त रंगाचे नाव घेतो. रंग त्याला दिसत नाही. तो म्हणतो, 'निळे'. ते निळे आकाशासारखे की शाईसारखे, हे ठरवणारा वेगळाच, म्हणजे टर्मिनल आणि त्याचा मालक. तेहतीस क्रमांकाचा रंग नियमावलीप्रमाणे पिवळा. परंतु आयबीएमने आपल्या पीसीसाठी जो रंगीत मॉनिटर केला, त्यात गडद पिवळा डोळ्यांना बरा दिसेना म्हणून हिरव्याचा जोर मुद्दाम कमी केला आणि त्या रंगाचा तपकिरी झाला. त्याची वहिवाट इतकी टिकली की, आजही काही पडद्यांवर 'पिवळे' म्हटले असता तपकिरी येते. नाव एक आणि रूप दुसरे, हा अनुभव संसारात येतो तसा येथेही येतो.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा पडदा काळा असतो. त्यावर त्याने पिवळी सूचना लिहिली, ती झळझळीत दिसली, तो खूश झाला. तीच सूचना ज्याचा पडदा पांढरा त्याच्यापुढे गेली, की जवळजवळ नाहीशी होते. याचे मोजमाप करता येते. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर सामान्य मजकुरासाठी किमान साडेचारास एक असावे. शुद्ध पिवळे काळ्यावर घेतले तर हे गुणोत्तर एकोणीसच्या वर जाते, आणि पांढऱ्यावर घेतले तर जेमतेम १.०७ उरते. उलट शुद्ध निळे पांढऱ्यावर साडेआठपर्यंत, आणि काळ्यावर अडीचाच्याही खाली. कारण उजळपणात निळ्याचा वाटा शंभरात सात इतकाच, आणि हिरव्याचा एकाहत्तराच्या वर. काळ्यावरची निळी अक्षरे वाचता वाचता ज्यांनी डोळे चोळले, त्यांचा दोष नव्हता. मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोजच्या काळ्या पडद्यावरील रंग २०१७ साली बदलले, त्यामागचे एक मुख्य कारण हा न वाचता येणारा निळाच होता. हे रंग तोपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ तसेच चालत आले होते.

आता आम्ही आमचीच एक चूक सांगतो. १९९०च्या दशकात एका गावातील पतसंस्थेसाठी आम्ही हिशेबाचा एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता. संध्याकाळी खातेवार यादी पडद्यावर यावयाची. जी खाती जुळली ती हिरव्या ओळीत, ज्यांत तफावत ती लाल ओळीत. बाकी दोन्ही ओळींत तसूभर फरक नाही. आम्हांला आमच्या कल्पनेचे फार कौतुक वाटले होते. यादी तपासून सही करण्याचे काम तेथील एका जुन्या, अत्यंत चोख कारकुनाकडे होते. एके दिवशी तीन लाल ओळी असलेल्या यादीवर त्यांची सही झाली. आठवड्याने ते उघडकीस आले. चिटणीस संतापले, 'डोळ्यांदेखत लाल ओळी सोडल्या' म्हणून निष्काळजीपणाचा ठपका आला, आणि त्यांच्या नोकरीच्या नोंदीत लाल शेरा मारण्याची भाषा सुरू झाली. काहींनी तर हेतूबद्दलही कुजबुज केली.

प्रोग्राम तपासण्यासाठी आम्हांस बोलावले होते. ते गृहस्थ आम्हांला व्हरांड्यात घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही लाल ओळ म्हणता ती कोणती, हे मला खरोखरच कळत नाही. मला सगळ्या ओळी एकाच रंगाच्या दिसतात. इतकी वर्षे कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर नोकरीवर ठेवले असते का?"

आम्ही काय बोलणार? त्यांचा हिशेब कधी चुकला नव्हता. आकड्यांत तफावत होती ती आम्ही त्यांना आकड्यांनी सांगितलीच नव्हती, रंगाने सांगितली होती. आणि गंमत पाहा, चिटणिसांनी तीच यादी पुराव्यासाठी कागदावर छापून मागितली, तेव्हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून निघालेल्या कागदावर एकही ओळ लाल नव्हती. उलट ओळीओळीच्या आरंभी कंस, आकडे आणि एम अशी अनाकलनीय खडी सांडलेली होती. म्हणजे ज्या कागदाच्या आधारावर त्या माणसाला दोषी ठरवावयाचे, तो कागद चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही काही सांगत नव्हता. आम्ही तो कागद चिटणिसांपुढे ठेवला आणि सांगितले की, शेरा द्यावयाचा तर तो आम्हांस द्या. त्यांनी तो विषय तेथेच मिटवला. त्या रात्री बसून आम्ही प्रत्येक चुकीच्या ओळीच्या आधी 'तफावत' हा शब्द घातला, आणि यादीच्या तळाशी अशा खात्यांची संख्या. रंग ठेवला, पण त्याच्यावरचा बोजा काढून घेतला.

लाल-हिरव्याचा भेद न कळणे ही दुर्मिळ गोष्ट नव्हे. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे बारा पुरुषांमागे एकाला ही अडचण असते, स्त्रियांत दोनशेंत एखादीला. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी आढळते, परंतु या सभागृहातही असे कोणी असतील. पुरुषांतच अधिक का, तर या दोषाचे बीज एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीजवळ अशी दोन गुणसूत्रे, एक सदोष असले तरी दुसरे सांभाळून घेते. पुरुषाजवळ एकच. अणुसिद्धांतामुळे प्रसिद्ध झालेले इंग्लंडचे जॉन डाल्टन यांना हा दोष होता. त्यांना लाल लाखेची कांडी आणि लॉरेलचे हिरवे पान सारख्याच रंगाचे वाटत. १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे त्यांनी त्यावर निबंध वाचला, आणि आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा असा तर्क केला. मृत्यूनंतर डोळा तपासला तो द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यातील अंशावरून १९९५ साली शास्त्रज्ञांनी दोषाचा नेमका प्रकार ठरवला. डाल्टनांनी आपली अडचण भर सभेत सांगितली. आमच्या कारकुनांना ती व्हरांड्यात, हळू आवाजात सांगावी लागली. यंत्रे करणाऱ्यांनी लाज वाटून घ्यावयाची ती याची.

येथे कोणी म्हणेल, मग रंग टाकूनच द्या, पूर्वीचा एकरंगी पडदाच बरा. आम्हांस ते मान्य नाही. हजार ओळींच्या यादीतून एक शब्द हुडकावयाचा असेल, तर काळ्या-पांढऱ्यात डोळा ओळीओळीने चालतो, आणि तोच शब्द रंगवला असेल तर डोळा उडी मारून तेथे जातो. ग्रेप नावाचा शोध घेणारा प्रोग्राम सापडलेला शब्द रंगवून दाखवतो, तेव्हा तो माणसाचे खरोखर श्रम वाचवतो. रात्री दोन वाजता बिघडलेल्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाला ते वाचलेले श्रम फार मोलाचे असतात. रंग उपकारक आहे. प्रश्न आहे तो त्याच्या जागेचा.

ती जागा दाखवणारे एक उत्तम उदाहरण रोजच्या वापरात आहे. प्रोग्रामाच्या दोन आवृत्त्यांतील फरक दाखवण्याची एक रीत आहे. काढलेल्या ओळीपुढे वजाचे चिन्ह, घातलेल्या ओळीपुढे अधिकाचे. ही चिन्हे आधीची. मागाहून गिटसारख्या प्रोग्रामांनी वजाच्या ओळीला लाल आणि अधिकाच्या ओळीला हिरवा रंग दिला. लाल-हिरवा ही जोडी आमच्या कारकुनांसाठी सर्वांत वाईट जोडी, तरीही येथे त्यांचे काडीइतके नुकसान होत नाही, कारण वजा आणि अधिक ओळीच्या तोंडाशीच उभे आहेत. पोथीतला लाल दंड तो हाच.

एवढ्यावरून आम्ही तीन नियम काढतो. पहिला : चिन्ह आधी, रंग मागाहून. रंग पुसून टाकला असता जे समजेनासे होते, ते नीट सांगितलेच नव्हते असे समजावे. दुसरा : रंग लावण्यापूर्वी समोर कोण आहे ते विचारावे. युनिक्स पद्धतीच्या यंत्रांत एका प्रोग्रामाचे उत्तर फाइलीत साठवता येते किंवा पन्हळीतून दुसऱ्या प्रोग्रामाच्या तोंडी देता येते. तेथे वाचणारा मनुष्य नसतो आणि रंगाच्या खुणा त्याच्या घशात खड्यांसारख्या अडकतात. आपले उत्तर टर्मिनलवर जाते आहे की अन्यत्र, हे विचारण्याची सोय यंत्रात पूर्वीपासून आहे. फाइलींची यादी देणारा एलएस हा प्रोग्राम, त्याला सांगून ठेवले तर, टर्मिनल असेल तरच रंग लावतो, एरवी साधी यादी देतो. आम्ही पतसंस्थेत हा एक प्रश्न विचारला असता, तर ती खडी कागदावर सांडली नसती.

तिसरा नियम : अखेरचा शब्द वाचणाऱ्याचा. त्याचा पडदा काळा की पांढरा, त्याचे डोळे तरुण की थकलेले, हे त्यालाच ठाऊक. 'मला रंग नको' असे एकदाच सांगून ठेवण्यासाठी २०१७ साली एक साधा संकेत पुढे आला. नो कलर या नावाची एक खूण आपल्या यंत्रात लिहून ठेवावयाची, आणि ती दिसली की प्रोग्रामांनी आपण होऊन रंग आवरावयाचा. कायदा नाही, दंड नाही, केवळ शिष्टाचार. पाहुण्याने घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढावीत, तसा. पुष्कळ प्रोग्राम तो पाळू लागले आहेत, आणि जे पाळत नाहीत त्यांना अशिष्ट म्हणावयास आमची हरकत नाही.

एक मोह मात्र राहतो. कोट्यवधी रंग फुकट मिळाले, की प्रत्येक शब्दाला एकेक द्यावासा वाटतो. तारीख निळी, नाव जांभळे, आकडा नारिंगी, आणि त्या गर्दीत धोक्याची सूचनाही एक रंगीत शब्द म्हणून हरवून जाते. मांडवातल्या प्रत्येकानेच फेटा बांधला, तर वरपिता ओळखावयाचा कसा? शिवाय रंगाचा अर्थ सर्वत्र एक नाही. आपल्याकडे कुंकवाचा लाल मंगल, आणि सिग्नलचा लाल थांबा सांगणारा. आपल्या शेअरबाजारात भाव पडला की आकडा लाल दाखवतात, आणि चीन-जपानात भाव चढला की लाल. ज्याचा अर्थ गावागणिक बदलतो, त्याच्यावर एकट्यावर महत्त्वाचा निरोप सोपवू नये.

श्रोतेहो, आम्ही काळ्या पडद्याविषयी बोललो, पण ही गोष्ट पडद्यापुरती नाही. आपण दुकानाचा हिशेब मांडाल, शाळेत गुणपत्रक कराल, दवाखान्यात औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवाल, तेव्हा रंग अवश्य द्या. परंतु त्यापूर्वी ती चिठ्ठी रंगावाचून एकदा वाचून पाहा. ती तशीही कळत असेल, तर रंग तिला शोभेल. ते गृहस्थ पुढे त्याच पतसंस्थेतून सन्मानाने निवृत्त झाले. त्यांच्या नोंदीत लाल शेरा नव्हता. असता तरी तो लाल आहे हे त्यांना दुसऱ्यानेच सांगावे लागले असते.